आजच्या भाकरीपुरतं पीठ

चर्चमध्ये नव्यानं यायला लागलेल्या माणसाला कुणी ना कुणी सांगतंच, "एकेक दिवस प्रभूवर टाका." ऐकायला बरं वाटतं. घरी गेल्यावर मात्र प्रश्न पडतो, टाकायचं म्हणजे नक्की करायचं काय? सकाळी सहाला उठायचं, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली आठची शिफ्ट गाठायची, दुपारी सोसायटीच्या हप्त्याचा फोन घ्यायचा, रात्री पोराचा अभ्यास बघायचा. यात हे 'टाकणं' बसवायचं कुठं?

मला हे कुणी पायरीपायरीनं सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय. मी पाळक नाही. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस आहे. बेळगावच्या मराठी मेथडिस्ट मंडळीत लहानाचा मोठा झालो, येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना बोलायला यायच्या आधीपासून पाठ होती. तरी तिच्यातली एक ओळ कळायला पन्नाशी उलटावी लागली.

आधी गैरसमज काढू

सगळं ज्या वचनावर उभं आहे ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, मत्तय ६:३४: "उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." एका तरुणानं हे वाचून मला विचारलं, "मग अंकल, एलआयसी बंद करू?" म्हटलं, बाबा, एलआयसी भर. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात उन्हाळ्यात दाणा साठवणाऱ्या मुंगीचं कौतुक आहे. योसेफानं मिसर देशात सात वर्षं धान्य कोठारात भरलं म्हणून दुष्काळात माणसं जगली.

आपल्याकडं अजून अशा गल्ल्या आहेत जिथं नळ रोज येत नाही. तिथं बॅरल भरून ठेवणारी बाई काही अविश्वासू होत नाही. पण रात्री दोनला उठून ती बॅरलमध्ये वाकून बघायला लागली, तर ती चिंता. भरून ठेवणं हे हाताचं काम आहे, ते एकदा होतं आणि संपतं. चिंतेला संपणं माहीत नाही. हा फरक जमला की निम्मी वाट झाली म्हणा.

मी कुठं शिकलो ते सांगतो

२०१९ चा ऑगस्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला तो महिना वेगळा सांगायला नको. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, सगळ्या नद्या एकदम चढल्या होत्या. त्याच आठवड्यात बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. मुलगी कोल्हापुरात, आणि महामार्ग कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात पाण्यामुळं बंद. ती पाच दिवस येऊ शकली नाही. माझ्या डोक्यात पुढची दहा वर्षं एकदम उभी राहिली. ही चालणार का, नोकरी सोडावी लागेल का, कर्ज कोण देईल, मी आधी गेलो तर हिचं काय?

घरी आणल्यावर पहिली अडचण फार साधी निघाली. भाकरी. ती ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, गोकाककडची. मला चहापलीकडं काही येत नव्हतं. शेजारच्या अक्का आमच्या चर्चच्या नव्हेत, घरात कन्नड बोलतात, त्या शिकवायला आल्या. मी उत्साहानं काटवटीत पाच भाकऱ्यांचं पीठ ओतलं आणि आधणाचं पाणी घातलं. अक्कांनी हात धरला. "एवढं कशाला रे भिजवलास? एका भाकरीचंच घे की. दुसरीचं दुसरीला बघूया."

का, तर ज्वारीचं पीठ गव्हासारखं मळून ठेवता येत नाही. थोडा वेळ गेला की कोरडं पडतं, थापताना कडेनं चिरतं. दळून फार दिवस झालेल्या पिठाचीही तीच गत, त्याची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी फाटतेच. एकीपुरतं पीठ घ्यायचं, गरम पाण्यानं तळहाताच्या टाचेनं रगडायचं, गोळा करून थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा. ती शेकेपर्यंत दुसरीचं पीठ.

माझी पहिली भाकरी बायकोसमोर ठेवली तेव्हा तिनं ताटाकडं बघितलं आणि अडखळत, एकेक अक्षर ओढत म्हणाली, "हा... कुठल्या... राज्याचा... नकाशा?" आजारानंतरचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य. सीमाभागातल्या बाईला दुसरं काय सुचणार! मी चुलीपाशी उभा राहून रडलो आणि हसलोही. त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" या ओळीवर अडखळलो, पुढं जाता येईना.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: दिवस संध्याकाळी सुरू करा

ही सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच गाळतात. आपण दिवस अलार्मपासून मोजतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मोजणी उलटी आहे: "संध्याकाळ झाली व सकाळ झाली." आधी संध्याकाळ. यहुदी लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे दिवसाची सुरुवात जेवणानं आणि झोपेनं, आपण काही न करता. आपण उठतो तोवर देवाचं काम सुरूच असतं, आपण मधून येऊन मिळतो. मला तरी हा विचार मोठ्या सुटकेचा वाटला.

करायचं असं. दोनशे पानी साधी वही घ्या. संध्याकाळी जेवणाआधी डोक्यात घोळणारं सगळं एका पानावर ओता, क्रम नको, अक्षर चांगलं नको. मग प्रत्येक ओळीपुढं स्वतःला एकच विचारा: उद्या माझ्या हातानं यातलं काय होणार आहे? 'हिचा हात बरा होईल का' याचं उत्तर माझ्या हातात नाही. 'सकाळी फिजिओथेरपीचे व्यायाम वीस मिनिटं करून घेणे' हे आहे. पहिली ओळ प्रार्थनेत जाते, दुसरी उद्याच्या पानावर. उद्याच्या पानावर तीनपेक्षा जास्त कामं लिहू नका. हप्ता वीस तारखेला असेल तर तो वीस तारखेच्या पानावर लिहा आणि वही मिटा. वही मिटण्याचा आवाज मला अजून आवडतो.

मग हाताची तयारी: डबा, शर्ट, गाडीची किल्ली जागेवर. यात अध्यात्म काय, असं वाटेल. सकाळी किल्ली सापडत नसताना प्रार्थना करून बघा, म्हणजे कळेल.

दुसरी पायरी: सकाळी फोनच्या आधी एक प्रार्थना

नवख्या माणसाला कुणीतरी वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचा तक्ता देतं. चांगला असतो, पण पहिल्या महिन्यात नको. लेवीय या नियमांच्या पुस्तकापर्यंत जाऊन गाडी रुततेच. आधी फक्त प्रभूची प्रार्थना, मत्तय ६:९ ते १३. तोंडपाठ असेल तर मुद्दाम सावकाश, एका श्वासाला एक ओळ.

'रोजची' या शब्दावर थांबा. मूळ ग्रीक शब्द एपिऊसिओस. नव्या करारात तो याच प्रार्थनेत, मत्तय आणि लूक अशा दोन ठिकाणी येतो, बाकी कुठंच नाही, त्यामुळं त्याच्या अर्थावर विद्वानांची चर्चा जुनी आहे: आजच्या गरजेपुरती, की येणाऱ्या दिवसाची? दोन्ही अर्थ घेतले तरी माप एका दिवसाचंच राहतं. कन्नड उपासनेला गेलात तर तिथं 'अनुदिनद आहार' ऐकाल. अनुदिन हा शब्द आपल्यालाही परका नाही. मात्र आहारापेक्षा भाकर मला जवळची वाटते, ती थापावी लागते ना.

ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत रोजंदारीची माणसं होती. त्या काळी मजुराची दिवसाची कमाई त्याच संध्याकाळी हातात पडायची. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असा बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात हुकूमच आहे. खानापूर भागात भांगलायला रोजानं जाणाऱ्या बाईला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. महिन्याच्या पगाराच्या माणसाला लागते.

आणि 'आमची' म्हटलंय, 'माझी' नव्हे. त्या शब्दापाशी रोज एका दुसऱ्या माणसाचं नाव घ्या. मी बरेच दिवस अक्कांचं घ्यायचो.

तिसरी पायरी: आपला ओमर मोजा

निर्गमाचा सोळावा अध्याय एकदा बसून पूर्ण वाचा. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा, माणशी एक ओमर. ओमर म्हणजे ढोबळ मानानं दोन लिटरचा डबा. ज्यानं पुष्कळ गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्यानं थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं, कारण सातव्याला पडणार नव्हता, आणि ते दुप्पट मात्र टिकायचं. म्हणजे साठवण्याला सरसकट बंदी नव्हती, सांगितल्याबाहेर जाऊन भीतीनं साठवलेलं तेवढं नासलं. आपल्या उत्तर कर्नाटकातली कडक भाकरीसुद्धा महिनाभर टिकतेच की, प्रवासाला नेतो आपण.

दिवसाचं दुःखही असंच मोजून घ्यायचं. मन दुपारी तीन वाजता पुढच्या वर्षात पळालं की मी स्वतःला विचारतो, 'हे आजच्या डब्यातलं आहे का?' नसेल तर "प्रभू, हे तुझ्याकडं ठेव, त्या दिवशी मागून घेईन" एवढं म्हणतो. दिवसातून पंधरा वेळा म्हणावं लागतं. पहिल्या महिन्यात पन्नास. यात अपयश काही नाही, सरावच तो.

कृपाही त्या त्या दिवसाची मिळते, हे त्याचं दुसरं अंग. उद्याचं ऑपरेशन सोसायचं बळ आज मागून मिळत नाही, म्हणूनच ते आज अशक्य वाटतं.

चौथी पायरी: दुपारची खूण

दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा. कॅथलिक घरांत सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना आहे. तुम्ही कामातली एखादी ठरलेली गोष्ट पकडा: दहाचा चहा, जेवणाचा भोंगा, शाळेची मधली सुट्टी. मी लेथवरचा एक नग उतरवून दुसरा लावताना चक, म्हणजे नग धरणारी पकड, उघडायचो तेव्हा एक ओळ म्हणायचो. मशीन बंद असतानाच बरं का. चालू लेथपुढं डोळे मिटू नका. नाइट शिफ्टवाल्यांनी घड्याळ बघू नये, आपल्या चहाला दुपार मानावं.

पाचवी पायरी: सूर्य मावळायच्या आत

इफिसकरांच्या पत्रात लिहिलंय की राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका. मी हे वर्षानुवर्षं नवरा-बायकोच्या भांडणापुरतं धरलं होतं. पण माझ्या प्रत्येक संध्याकाळच्या पानावर एक ओळ पुन्हा पुन्हा यायची: भावाशी शेताच्या वाटणीवरून झालेलं. ती ओळ रोज उद्यावर ढकलत होतो. कालचं ओझं आणि उद्याचं ओझं, दोन्हीकडून माणूस पिचतो, हे तेव्हा कळलं. शेवटी एका संध्याकाळी फोन केला. वाटणीबद्दल एक शब्द काढला नाही. "पाऊस कसा आहे तिकडं?" एवढंच. तो म्हणाला, "लावणी झाली." बस. जमिनीचं अजून मिटलेलं नाही. पण आता तो इकडं आला की जेवून जातो.

सगळा हिशेब एका दिवसात मिटवायचा हट्ट धरू नका. आजच्यापुरती एक गोष्ट: एक फोन, एक माफी, एक उसने पैसे परत.

सहावी पायरी: रात्रीची उजळणी, पाचच मिनिटं

ही मला कॅथलिक मित्राकडून मिळाली. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा चालवणारे जेजुइट फादर ज्यांच्या संघाचे, त्या संत इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही रीत घालून दिली. सोपी करून सांगतो. अंथरुणावर बसा, दिवसाचा धागा सकाळपासून सावकाश ओढा. कुठं देव जवळ होता असं वाटलं, त्याचे आभार. कुठं आपण घसरलो, त्याची क्षमा. उद्या कुठं मदत लागेल, ती मागणी. मग दिवा बंद. पाचाची पंधरा मिनिटं झाली तर समजा उजळणी संपून चिंता सुरू झाली.

एकट्यानं नको

सहा दिवस घरात, सातव्या दिवशी मंडळीत. आपल्या भागात पर्याय भरपूर आहेत. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, ते काम १९०४ मध्ये मेथडिस्टांकडं गेलं. कॅथलिकांचं बेळगाव धर्मप्रांत १९५३ चं. मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेची उपासना धरा. भाषेचं राजकारण बाहेर पुष्कळ आहे, प्रभुभोजनाच्या रांगेत ते नको. पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं जिथं म्हणतात तिथं मला घरी आल्यासारखं वाटतं, हा माझा पक्षपात.

मंडळीत एक माणूस हेरा, ज्याला आठवड्यातून एकदा खरं सांगता येईल. फार साक्षी देणारा नको, ऐकून घेणारा हवा. घरातले वेगळ्या वाटेचे असतील तर वही त्यांच्यासमोर नाचवू नका, वादही घालू नका. चिडचिड कमी झालेली त्यांना आपोआप दिसते.

चार दिवस खाडा झाला तर

होणारच. गणपतीच्या दिवसांत, लग्नसराईत, आजारपणात वही कुठं जाते कळत नाही. तेव्हा चार दिवसांचं राहिलेलं भरून काढू नका, शिळं पीठ मळू नका. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात देवाची दया रोज सकाळी नवी होते असं म्हटलंय, आणि ते यरुशलेम जळून गेल्यावर, ढिगाऱ्यात बसून म्हटलंय. ज्या संध्याकाळी आठवलं त्या तारखेचं पान उघडा.

एवढ्यानं भागत नसेल तर

दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, जगणं नको असं वाटतंय, तर आधी डॉक्टर. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मिळते. दारू सुटत नसेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीची सगळी रीतच 'फक्त आज प्यायची नाही' अशी आहे. अचानक दारू तोडल्यावर अंग थरथरत असेल, झटके येत असतील, तर सभेच्याही आधी दवाखाना.

गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी सांगितलं तर त्यांना '१ राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाकडं मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. बोलणं नंतर.

आमच्याकडं बायकोच्या गोळ्यांची सात खणांची प्लास्टिकची डबी आहे. रविवारी उपासनेहून आलो की मी सातही खण भरतो. उघडायचा मात्र त्या दिवसाचाच. ती आता काठी घेऊन चुलीपर्यंत येते, माझ्या भाकरीच्या कडा बघते, मान हलवते. रात्री झोपताना विचारते, "आजची झाली?" मी डबी हलवून बघतो. गुरुवारचा खण रिकामा आहे.

"झाली."